मनूला, अलास्कातल्या फेअरबँक्सच्या पत्त्यावर

चि. मनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सुट्टीच्या दिवशी गावाबाहेरच्या केनेलमध्ये, म्हणजे कुत्री पाळतात त्या जागी, बर्फावरची स्लेजगाडी ओढणाऱ्या कुत्र्यांची देखभाल करायला जाणार, असं तू लिहिलंस. वाचून बाबांनी पहिली चौकशी केली ती थंडीची. माझं लक्ष मात्र लगेच कुत्र्यांकडे गेलं. नोकरीची सगळी वर्षं सातारा जिल्ह्यातल्या जनावरांच्या दवाखान्यांत गेली, त्यामुळे मला जे कळतं ते तुला लिहून पाठवते.

पहिल्या दिवशी तुला ती कुत्री हडकुळी वाटतील. फोटोतल्या झुपकेदार, निळ्या डोळ्यांच्या हस्कीसारखी ती नसतात. शर्यतीतली अलास्कन हस्की ही मुळात संकरित. पाय, भूक, स्वभाव आणि पळण्याची हौस पाहून पिढ्यान्‌पिढ्या जुळवत आणलेली, साधारण वीस-पंचवीस किलोची. पाठीवरून हात फिरव. बरगड्या बोटांना लागल्या तर हरकत नाही, पण कण्याच्या दोन्ही बाजूंना मांस भरलेलं हवं. लांब शर्यतीत यातलं एकेक कुत्रं दिवसाला दहा हजार कॅलरींच्या आसपास खातं, आणि त्यात चरबीचा वाटा मोठा असतो.

जुंपायच्या वेळी मोठा कालवा होईल. सगळी उड्या मारतील, किंचाळतील, दोर चावतील. बर्फात रोवलेला लोखंडी आकडा नसेल तर गाडी माणसाला मागे टाकून निघून जाईल. हातात कासरा नाही, चाबूक नाही. ‘जी’ म्हटलं की उजवीकडे, ‘हॉ’ म्हटलं की डावीकडे. आवाज पुढच्या कुत्र्याने ऐकला तर गाडी वळणार. सुटल्याबरोबर मात्र सगळा गोंगाट थांबतो आणि ती मुकाट पळू लागतात. त्यांना पळायचंच असतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आपल्याकडे बैलगाडा शर्यतीवर २०१४ साली सुप्रीम कोर्टाने बंदी घातली, २०२१च्या डिसेंबरात ती उठली आणि २०२३ला राज्याचा कायदा घटनापीठाने मान्य केला. तो सगळा वाद मारहाणीचा होता : चाबूक, पिरगाळलेली शेपटी, विजेचा शॉक. तुझ्याकडचं जनावर न मारता धावतं आणि दुखत असलं तरी धावतं, म्हणून तिथे नजर जास्त तिखट लागते. एरवी दोर ताणून धरणाऱ्या कुत्र्याचा दोर जरा सैल दिसला, शेपूट एका बाजूला धरलेली दिसली, नेहमी झडप घालणाऱ्याने तुकडा हुंगून सोडला, की थांबायचं. पायांवर सगळ्यांत जास्त वेळ घालव. बोटांच्या बेचक्यांत बर्फाचे गोळे जमतात आणि कातडी फाटते, म्हणून कापडी मोजे घालतात. मोजे काढल्यावर प्रत्येक बेचक्यात बोट घालून बघ, मनगट दाबून बघ, गरम लागतंय का, सुजलंय का. नुसतं पाणी ती नीट पीत नाहीत, मांसाचं पाणी करून द्यावं लागतं. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोड. लगेच जागेवर बसली नाही तर अंगातलं पाणी कमी झालंय. शर्यतीच्या कुत्र्यांना पोटात अल्सर होतात आणि ते बाहेरून कळत नाहीत, त्यामुळे काळी शी दिसली तर ताबडतोब सांग. आणि त्यांना थंडीपेक्षा उकाडा बाधतो. बर्फ पडण्याआधी त्यांना एटीव्हीला (चारचाकी मोटारगाडीला) जुंपून सराव करतात, तेव्हा ऊन वर आलं की काम बंद करायला लाव.

तुझ्या केनेलची मंडळी इडिटारॉड या स्लेजच्या शर्यतीबद्दल बोलतीलच. अँकरेजहून नोमपर्यंत, साधारण सोळाशे किलोमीटर. स्नोमोबाइल (बर्फावरची मोटार) आल्यावर गावागावांतली कुत्री नाहीशी होऊ लागली, म्हणून जो रेडिंग्टन यांनी खटपट करून १९७३ला ही शर्यत उभी केली. पहिल्या वर्षी जिंकणाऱ्याला वीस दिवस लागले; आता आठ-दहा दिवसांत पोचतात. बर्फ कमी पडला म्हणून २०२५ला ती तुझ्या फेअरबँक्सहूनच सुटली होती. मला त्या शर्यतीत आवडतं ते विश्रांतीचं कलम. एकदा सलग चोवीस तास आणि दोनदा आठ-आठ तास थांबलंच पाहिजे. निघण्याआधी प्रत्येक कुत्र्याचा ईसीजी आणि रक्ततपासणी, आणि वाटेत जनावरांच्या डॉक्टरांच्या नोंदींची वही गाडीवर ठेवायची. थकलेलं कुत्रं ठाण्यावर सोडता येतं, तिथून ते विमानाने परत येतं. ठाण्यावर पोचलं की माणूस आधी पेंढा पसरतो, बर्फ वितळवतो, कुत्र्यांना जेवू घालतो आणि मग स्वतःचं बघतो. हे सगळं असूनही शर्यतीत कुत्री मेली आहेत. त्यावर टीका होते, आणि ती ऐकून घेण्यासारखी आहे.

ही शर्यत चार वेळा जिंकलेली सुझन बुचर पूर्वी जनावरांच्या डॉक्टरांच्या हाताखाली काम केलेली होती, हे वाचून मला फार बरं वाटलं. आणि अलास्कातल्या हस्लिया गावचे स्लेज हाकणारे जॉर्ज अटला! लहानपणी क्षयाने गुडघा कायमचा आखडलेला, तरी अँकरेजची जागतिक शर्यत दहा वेळा जिंकले. कुत्रं चुकलं असं दिसलं तरी चूक हाकणाऱ्याची असते, असं ते मानत. केनेलमध्ये कोणी कुत्र्यावर खेकसताना दिसलं तर त्यांची आठवण ठेव.

१९२५ची नोमची धावही तुला शंभरदा ऐकायला मिळेल. घटसर्पाची साथ, तिथल्या डॉ. वेल्श यांची तार, नेनानापर्यंत रेल्वेने आलेलं घटसर्पावरचं प्रतिविष आणि पुढचे हजारावर किलोमीटर वीस जणांनी कुत्र्यांच्या गाड्यांवरून हातोहात नेलेली ती पेटी, साडेपाच दिवसांत. बाल्टो नावाचा कुत्रा शेवटच्या टप्प्यावर होता, म्हणून न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कात पुतळा त्याचा लागला. सगळ्यांत लांब आणि धोक्याचा टप्पा, नॉर्टन साउंड या आखाताच्या फुटू पाहणाऱ्या बर्फावरचा, गाडी हाकणाऱ्या सेपालांच्या टोगो या कुत्र्याने काढला, तेही बारा वर्षांचा असताना. पण माझ्या मनात घर केलंय ते त्या वीस जणांतल्या चार्ली इव्हान्सने. त्याची पुढची दोन्ही कुत्री त्या थंडीत गारठून कोसळली. जांघेत केस विरळ असतात, तिथे सशाची कातडी बांधतात. ती त्या वेळी नव्हती. मग त्याने स्वतःच्या अंगावर दोर घेतला आणि कुत्र्यांबरोबर गाडी ओढत पुढच्या ठाण्यावर आला. औषध पोचलं आणि पोरं वाचली, याचं मोल मोठंच. त्यासाठी जी कुत्री मेली, त्यांच्या जांघा आणि फुप्फुसं मला डॉक्टर म्हणून दिसत राहतात.

आता केनेलबद्दल. जाशील तेव्हा पळणाऱ्या कुत्र्यांकडे नंतर बघ, आधी म्हातारी कुत्री कुठे आहेत ते विचार. कॅनडातल्या व्हिस्लरजवळ २०१०च्या हिवाळी ऑलिम्पिकनंतर पर्यटक कमी झाले आणि एका व्यवसायातली डझनावारी कुत्री मारून पुरली गेली. पुढच्या वर्षी ते उघडकीस आलं, मग तिथल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने स्लेजच्या कुत्र्यांसाठी वेगळे नियम केले. धंदा बसला की पहिला वार मुक्यावर होतो, हे मी दुष्काळात छावण्यांवर काम करताना पाहिलंय. म्हणून मालकाला सरळ विचार : शर्यतीतून काढलेली कुठे जातात, साखळीवर किती तास असतात, उन्हाळ्यात मोकळी सोडता का, पिल्लं दर वर्षी किती होतात. चांगला माणूस रागावणार नाही. उलट आपल्या म्हाताऱ्या कुत्र्यांच्या गोष्टी सांगत बसेल. उत्तर टाळलं, तर तिथे जाऊ नकोस. फेअरबँक्समध्ये केनेलांना तोटा नाही.

आणि दोन गोष्टी मला कळव. पेंढा किती दिवसांनी बदलतात, आणि तुझ्याकडच्या कुत्र्यांची नावं काय. रेबीजच्या लशीचे तुझे डोस पूर्ण झाले आहेत ना, तो कागद फोटो काढून बाबांना पाठव. ते दोनदा विचारून गेले.

तुझी,
आई