मुकादमाची सही म्हणजे रुग्णाची संमती नव्हे

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

गाळप हंगाम सुरू झाला की मिरजेच्या दवाखान्यांत रात्री-अपरात्री ऊसतोड मजूर जखमी होऊन येतात. ट्रॉलीखाली सापडलेला, डोक्याला मार, शुद्ध हरपलेली. सोबत मुकादम, नाहीतर ट्रॅक्टरचा ड्रायव्हर. बायको फडावरच्या कोपीत, बाकी घर बीडकडे. अपघात विभागाच्या दारात कागदांचा गठ्ठा पुढे येतो, "इथं, इथं अन् इथं सही करा." उपचाराचं ठीक आहे, जीव वाचवताना सहीसाठी अडायचं नसतंच. पण त्या गठ्ठ्यात उद्या एखाद्या औषधाच्या चाचणीचं संमतीपत्र असलं तर?

रुग्ण बोलू शकत नसेल तर कायद्याने मान्य प्रतिनिधीची संमती लागते, त्याला वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदारही लागतो, असं २०१९ चे चाचणी नियम सांगतात. उचल देऊन मजूर आणणारा मुकादम यातला कुणीच नाही. त्याला फक्त लवकर मोकळं व्हायचं असतं. तेव्हाच्या आंध्रातल्या, आता तेलंगणातल्या खम्ममला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धच्या एचपीव्ही लशीच्या प्रकल्पात मुलींच्या संमतीपत्रांवर वसतिगृहांच्या वॉर्डननी सह्या केल्या होत्या. २०१३ मध्ये संसदीय समितीने त्यावर ताशेरे ओढले.

म्हणून अशा चाचण्या नकोतच, असं मी म्हणणार नाही. अपघातातल्या रक्तस्रावावर ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडचा उपयोग होतो, हे २०१० मध्ये ४० देशांतल्या वीस हजारांवर जखमींच्या अभ्यासातून कळलं. त्यात भारतातलेही रुग्ण होते. औषध पहिल्या तीन तासांतच द्यावं लागतं. तिथं वीसपानी पत्रक कोण वाचणार?

वाचायला वेळ नसेल तर सांगणं आधी व्हायला हवं. अमेरिकेत १९९६ पासून, संमतीविना आणीबाणीतला अभ्यास करायचा तर त्या भागातल्या लोकांशी आधी बोलणं आणि तो जाहीर करणं बंधनकारक आहे. आपल्याकडे हंगामाच्या तोंडावर ग्रामसभेत आणि कारखान्याच्या तळावर, कोप्यांपुढे बसून हे सांगता येईल. भोंगा लावून नव्हे. बायकांनाही प्रश्न विचारता आले पाहिजेत. रुग्ण शुद्धीवर आला की त्यालाच विचारावं. "नको" म्हणाला तर चाचणीतून नाव काढावं, उपचारात काडीचाही फरक पडू नये.

आणि चाचण्यांना मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीत नियमानेच एक सर्वसामान्य माणूस असतो. त्याने चहा-बिस्किटांपलीकडे जाऊन प्रत्येक संमतीपत्रावर सही कुणाची आणि रुग्णाशी नातं काय, एवढं तरी तपासावं.

आपला,
एक वाचक, तासगाव (जि. सांगली)