येळवस तोंडावर आलीय

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

येळवस, म्हणजे रानात जाऊन पूजा-जेवण करायची आपली मार्गशीर्षातली वेळ अमावस्या, तोंडावर आलीय आणि घरात पहिला विषय निघाला कडब्याचा. रानात पांडव मांडून पूजायला कडब्याचा आडोसा, म्हणजे कोपी, करायची तर पाच पेंढ्या तरी हव्यात, अन् आपल्याकडं ज्वारीचं एक ताट नाही. पावसाळ्यात सोयाबीन, त्यामागं हरभरा. शेवटी शेजारच्या गावाहून कडबा विकत आणायचं ठरलं. मला ते फार लागलं रे. ज्या रानात गंज्या लागायच्या, तिथं पांडवांना विकतचा आडोसा!

तरी सोयाबीनला नावं ठेवायला माझी जीभ उचलत नाही. तीन-साडेतीन महिन्यांत पीक हाती येतं, मशीनवर रास होते, आडतीवर रोख पट्टी मिळते. लेकराची लातूरच्या क्लासची फी त्यातूनच भरली. ज्वारी काढायला माणूस मिळत नाही. ट्रॅक्टर आला तसे बैल विकले. आता दावणीला एक म्हैस, मग कडब्यासाठी ज्वारी पेरणार कोण?

आईचं मात्र सगळं पहिल्यासारखंच. भज्जीसाठी, म्हणजे येळवशीच्या मिसळ भाजीसाठी, हरभरा, तूर, वालाचे हिरवे दाणे सोलायला ती सगळ्या घराला बसवते. ज्वारीच्या पिठाची, ताकातली आंबील स्वतः बिंदगीत, म्हणजे छोट्या घागरीत, भरते. पूर्वी ती बिंदगी बाबा डोक्यावर घेऊन रानात जायचे. गेल्या साली पोरानं मोटरसायकलवर मागं बसून मांडीत धरून नेली. थेंबही सांडला नाही. रानात पोचल्यावर आईनं बिंदगीला हळदीकुंकू लावलं, आणि तेच बोट गाडीच्या हेडलाइटलाही टेकवलं. मला फार बरं वाटलं. गाडी आल्यानं येळवस बुडत नाही. त्या दिवशी लातूरचे रस्तेसुद्धा ओस पडतात, सगळं शहर रानात असतं.

बुडेल ती ज्वारी गेल्यानं. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, आठवतं ना? अशा मुलखात काळ्या रानाच्या ओलीवर येणारं, माणसाला भाकर आणि जनावराला वैरण देणारं पीक आपणच सोडून बसलो. सगळं रान रोखीच्या पिकाला देऊ नये, असं माझं आता पक्कं मत झालंय.

पुढच्या साली सोयाबीन निघालं की मी एकरभर मालदांडी ज्वारी पेरणार. तुझं रान बटईनं आहे. तू येळवशीला येशीलच, तेव्हा बटईदाराशी समोरासमोर बोल, त्यालाही एकरभर पेरायला सांग. काढणीला दोघांची माणसं एकत्र लावू. तुझ्या वाट्याचा कडबा मी बाजारभावानं घेईन.

वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझाच,
गावाकडचा मित्र