हात न टेकता उठायचं

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

उठताना त्रास होतो म्हणून दादा उंच खुर्च्या आणणार आहे असं कळलं. त्याची माया कळते, पण मला ते पटत नाही. त्या उठण्यानंच मांड्यांत बळ राहतं.

हाडांचंही तेच. हाडावर जसा भार पडेल तसं ते स्वतःला घडवतं, हे युलियुस वोल्फ या जर्मन शल्यविशारदानं १८९२ मध्येच मांडलं. भार गेला की उलटं होतं. अंतराळात धडधाकट अंतराळवीरांच्याही खुब्याच्या हाडांची घनता महिन्याला १ ते १.५ टक्क्यानं घटते.

बाबा, ‘आता वय झालं’ म्हणू नका. बॉस्टनमध्ये नव्वदीच्या आसपासच्या अशक्त वृद्धांकडून ८ आठवडे वजनाचा व्यायाम करून घेतला. १९९० मध्ये निष्कर्ष छापून आले, तेव्हा पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली होती.

तर जेवणाच्या टेबलाची, बिनहाताची, साधारण १७ इंच उंचीची खुर्ची घ्या आणि भिंतीला टेकवा. प्लास्टिकची नको, सरकते. पुढच्या कडेशी बसा, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे घ्या, हात छातीवर. आता पुढे वाका. नाक पायाच्या अंगठ्यांवर आलं की बूड आपसूक उचललं जातं. बहुतेकांचं इथंच चुकतं: पाठ ताठ ठेवून वर यायला बघतात, मग हात टेकावेच लागतात. बसताना मनात चार आकडे मोजत सावकाश बसा. धपकन बसलात तर निम्मा व्यायाम वाया, कारण खाली येताना वजन तोलण्यातही स्नायूंची कसोटी लागते.

असं ८ वेळा, दोन मिनिटं थांबून पुन्हा ८. एक दिवसाआड. रोज नको; स्नायू भरून येतो तो विश्रांतीत. १२ वेळा सहज जमलं की छातीशी एक लिटरची भरलेली बाटली धरा, तेच एक किलो. सोपं वाटतंय म्हणून तिथेच थांबलात तर ताकदही तिथेच थांबेल.

आई, तुझे गुडघे आत वळतात, ते पायाच्या बोटांच्या रेषेत ठेव. बाबा, श्वास रोखू नका, त्यानं बीपी चढतं. उठताना श्वास सोडा. मांड्या दोन दिवस ठणकल्या तर घाबरायचं कारण नाही. पण सांधा सुजला, कळ आली, छातीत भरून आलं किंवा चक्कर आली तर लगेच थांबायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. सुरू करण्याआधीही एकदा त्यांना विचारा.

खाण्यात प्रथिनं हवीत, वजनाच्या दर किलोला रोज १ ते १.२ ग्रॅम. आई, तू ५५ किलोची, म्हणजे ५५ ते ६६ ग्रॅम. एकादशीच्या साबुदाण्यात ती जवळपास नसतातच, तेव्हा सोबत दही-दाणे तरी घे. बाबांना किडनीचा त्रास नाही, म्हणून हा हिशेब त्यांनाही चालेल.

सुरुवातीला एकदा मोजून ठेवा: ३० सेकंदांत हात न टेकता किती वेळा पूर्ण उभं राहता येतं. सत्तरी ओलांडलेल्या बाईला १०, पुरुषाला १२ जमायला हवेत. रविवारी फोन करीन तेव्हा दोघांचे आकडे सांगा. बाबांचे आईनं मोजायचे.

तुमची,
ताई