आजीच्या ओव्या आणि आपला संगणक

मुंबई,
२३ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

भाऊबीजेला कोथरूडला आले होते तेव्हा एक गोष्ट पाहिली. सणाच्या दिवशी विषय नको म्हणून गप्प राहिले, पण ती मनातून जात नाही. बाबा, तुम्ही सोसायटीचा जमाखर्च लिहीत होता. पडद्याच्या कोपऱ्यात अपडेटची सूचना आली आणि तुम्ही ती न वाचताच बंद केलीत. हात इतक्या सवयीने गेला की, वर्षभरात अशा किती सूचना परतवल्या गेल्या असतील, याचा मला अंदाज आला.

ऐन कामात संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो, याचा वैताग मला समजतो. मी भलत्यासलत्या लिंक उघडत नाही, असे तुम्ही म्हणता तेही खरे आहे. परंतु मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा व्हायरस जगभर पसरला तो कोणाच्या लिंक उघडण्याची वाट पाहत थांबला नाही. विंडोजमधल्या एका त्रुटीतून तो नेटवर्कवरच्या एका संगणकातून दुसऱ्यात आपोआप शिरत गेला, त्यातल्या फायली कुलूपबंद करत गेला आणि त्या सोडवण्यासाठी खंडणी मागत गेला. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना त्यापायी शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ती त्रुटी बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये, म्हणजे दोन महिने आधीच दिलेले होते. ज्यांनी ते वेळेवर घेतले होते, त्यांचे संगणक त्या वाटेने आलेल्या हल्ल्यातून वाचले.

आपल्या संगणकावर विंडोज १० आहे आणि तिचा नेहमीचा पाठिंबा, म्हणजे सुरक्षेचे अपडेट मिळणे, गेल्या महिन्यात, १४ ऑक्टोबरला संपला. संगणक जुना असल्यामुळे त्यावर विंडोज ११ चालणार नाही. मात्र १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळत राहण्याची सोय आहे; त्यासाठी मायक्रोसॉफ्टचे खाते उघडून नोंदणी करावी लागते. ती मी करून देईन. तेवढ्या मुदतीत नवा संगणक घेऊ, आणि त्याच्या खर्चावरून आपण वाद घालायचा नाही.

शोकेसवर गणपतीच्या मूर्तीमागे ठेवलेला राउटरही मी काढून पाहिला. वायफायचा पासवर्ड वेगळा आणि राउटरच्या सेटिंगमध्ये जाण्याचा वेगळा, हे बहुतेकांना ठाऊक नसते. आपल्याकडे तो दुसरा पासवर्ड खालच्या स्टिकरवर छापलेला ‘ॲडमिन’ हाच आहे. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने कारखान्यातून आलेल्या अशाच साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या लावून पाहत घरोघरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. तो पासवर्ड बदलायचा आहे. आई, शेजारची मुले अभ्यासाला येतात त्यांना तू वायफाय देतेस, ते बंद कर असे मी म्हणणार नाही. त्यांच्यासाठी राउटरवरच वेगळे गेस्ट नेटवर्क सुरू करू, म्हणजे त्यांचे मोबाइल आपल्या संगणकापासून दूर राहतील.

समोरचा माणूस फोनवर बँकेचे नाव सांगो की पोलिसांचे, त्याच्या सांगण्यावरून स्क्रीन दाखवणारे कोणतेही ॲप घेऊ नका. व्हिडिओ कॉलवर पोलिस असल्याचे सांगून ‘तुम्हाला डिजिटल अटक केली आहे’ अशी भीती कोणी घातली, तर कायद्यात असा प्रकारच नाही हे लक्षात ठेवा. पैसे गेलेच, तर संकोच न करता त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा.

आता सगळ्यांत जिव्हाळ्याची गोष्ट. आजीच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या तुम्ही तिच्या शेवटच्या उन्हाळ्यात रेकॉर्ड केल्या, त्या संगणकावर आहेत आणि त्यांची प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर आहे. पण ती हार्डडिस्क कायम संगणकाला जोडलेली असते. खंडणीखोर व्हायरस जोडलेल्या डिस्कवरच्या फायलीही कुलूपबंद करतो. मग मूळ आणि प्रत दोन्ही एकदमच जातील. प्रत घेऊन झाली की डिस्क काढून कपाटात ठेवायला हवी. आणखी एक प्रत मी माझ्याकडे नेईन.

मी शुक्रवारी संध्याकाळी डेक्कन क्वीनने येत आहे. शनिवारची सकाळ या कामासाठी मोकळी ठेवा. बाबा, तोवर निदान त्या हार्डडिस्कची वायर आजच काढून ठेवा.

तुमची लेक