मागच्या उतारावरच्या मातीविषयी

चि. बाळू यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर आपल्या दोघांचाही आवाज चढला, ते मनातून काढून टाकून हे पत्र लिहायला बसले आहे. परवाच्या पावसात बागेची माती वाहून जाऊन मागचे जोते उघडे पडले आणि चिऊच्या खोलीच्या कोपऱ्यात केसाएवढी भेग दिसू लागली, हे तू अगदी सहज सांगितलेस. मला मात्र ती रात्र काढणे अवघड गेले. भेग एखाद्या जाणत्या इंजिनिअरला दाखव आणि तोवर पोरीचा पलंग त्या भिंतीपासून हलव. यापुढे त्याविषयी मी काही लिहिणार नाही.

गेल्या वर्षी तू तळ्यातला गाळ दोन ट्रॉल्या आणून उतारावर पसरलास, तेव्हाच बोलायला हवे होते. खाली अंबाजोगाईचा कडक मुरूम, वर भुसभुशीत काळी माती आणि दोन्हींना एकमेकांत धरून ठेवणारे मूळ एकही नाही. उन्हाळ्यात ती माती भेगाळते, पहिल्या पावसाचे पाणी भेगांतून थेट मुरुमापर्यंत उतरते आणि वरचा थर सोबत घेऊन जाते. त्यात गच्चीच्या दोन्ही पाइपांची तोंडे तू त्याच उतारावर सोडली आहेस. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर 25 मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे 2,300 लिटर पाणी होते. एवढे पाणी एका जागी कोसळत असेल तर बिचारे रोप तरी काय धरणार? आधी ते पाइप जोत्यापासून दूर, बाजूच्या नालीकडे वळव. मी पुन्हा फळ्यासमोर उभी राहिल्यासारखी बोलू लागले, राग मानू नकोस.

सूनबाईंना बाग देखणी हवी आहे आणि त्यांचे काहीच चुकत नाही. देखणेपण आणि माती धरणे ही दोन्ही कामे करणारी झाडे आपल्याकडे भरपूर आहेत. सर्वांत आधी वाळा लाव. त्याची मुळे आडवी न पसरता सरळ खाली जातात, चांगल्या जमिनीत दोन-तीन मीटरपर्यंत. ठोंब वीतभर अंतरावर, उताराला आडव्या दोन ओळींत लावायचे. मात्र ओळ डोळ्यांच्या अंदाजाने आखू नकोस. गवंड्याकडची पाणी भरलेली नळी घे, दोन्ही टोकांचे पाणी एका पातळीत आले की तेथे खुंटी ठोक आणि तसाच पुढे सरकत जा, कारण ओळ जराशी तिरपी गेली तरी पाणी तिच्या कडेने धावू लागते आणि नवा ओघळ पाडते. दोन-तीन पावसाळ्यांत ठोंब एकमेकांना भिडतात आणि वरून येणारी माती त्या हिरव्या बांधामागे थांबते. अण्णा उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी टाकत, ती आता पुन्हा आपल्या घरची निघेल.

ओळींच्या मधे अबोली आणि कोरांटी, उघड्या जागेत हरळी. आयुष्यभर शेतातून हरळी उपटत आलेल्या घरातली बाई तुला ती लावायला सांगते आहे, यावरून माझी निकड ओळख, दूर्वाही होतील. तळाशी निरगुडीच्या काड्या खोच, तिला जांभळा फुलोरा येतो. वरच्या कडेला तरवड. नर्सरीत विकत मिळाला नाही तरी आपल्या माळावर शेंगा हव्या तितक्या मिळतात आणि दसऱ्याच्या सुमारास तो पिवळाजर्द होतो.

तरवड म्हटले की मला 1972 आठवते. मी चौदा वर्षांची होते. दुष्काळी कामावर आबांबरोबर दगड वाहत होते आणि आई माझ्या चुंबळीखाली तरवडाचा पाला घालायची, म्हणजे डोके तापत नसे. त्या वर्षी आपल्या शेतातही आबांनी एक बांध घातला, दगड थोडेच मिळाले म्हणून वर मारवेल आणि निरगुडी लावली. परवा मी मुद्दाम जाऊन पाहिले. दगड अर्धेअधिक ढळले आहेत, पण गवताने माती सोडलेली नाही. तू विचारलेस ना, गवताने माती अडते का?

खालच्या कडेला भिंत बांधायची तर बांध, मी अडवत नाही. फक्त ती बुटकी ठेव आणि तिला पाणी निघायला भोके ठेवायला सांग. काळी माती भिजली की फुगते आणि भिंतीला आतून रेटते. खाली गल्लीतली पोरे खेळतात.

तू स्वतःच्या कमाईने घर बांधलेस. वास्तुशांतीच्या दिवशी मी तुझ्यासमोर एक शब्द बोलले नाही, पण गावात परतल्यावर महिनाभर तेच सांगत होते. आणि तरी भिंत म्हटली की माझ्यासमोर 30 सप्टेंबर 1993 ची, किल्लारीच्या भूकंपाची पहाट उभी राहते. तीन वर्षांचा तू माझ्या कडेवर होतास आणि मागे दगडमातीच्या भिंती बसत होत्या. तुझे घर पक्के आहे, तेथे तसे काही होणार नाही, हे मला समजते. तरीही पलंग हलवला की मला कळव.

वाळ्याचे शंभर ठोंब ओल्या पोत्यात बांधून शुक्रवारच्या एसटीने पाठवते. त्याच संध्याकाळी लाव, ते थांबून राहत नाहीत.

तुझी,
आई

ता. क. कुंपणासाठी तू कण्हेरीची दहा रोपे आणल्याचे सूनबाईंनी सांगितले. कण्हेर चिवट आहे, फुलेही सुंदर, पण तिचे पान, फूल, खोड सगळेच विषारी असते आणि चिऊ हाताला येईल ते तोंडात घालते. ती रोपे परत कर आणि त्या जागी जास्वंद लाव.