गायिका तीच, बाज वेगळा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गायिका असलेल्या एखाद्या मेटल (जोरकस गिटारींचे रॉक संगीत) बँडने बाज बदलला की त्यावरच्या परीक्षणात दोनपैकी एक वाक्य हटकून येते: ‘नव्या गायिकेमुळे बँड मवाळ झाला’ किंवा ‘गायिकेला पॉपची ओढ लागली’. बदल नेमका कुठे झाला हे यातून कळत नाहीच, वर खापर भलत्याच माणसाच्या डोक्यावर फुटते. (‘फीमेल फ्रंटेड मेटल’ या लेबलातून तर संगीताविषयी काहीच कळत नाही. गायकाच्या लिंगावरून प्रकार ठरवायची ही रीत पुरुषांच्या बाबतीत कुणी वापरत नाही.)

नॉर्वेचा थिएटर ऑफ ट्रॅजेडी पाहा. लिव्ह क्रिस्टीनचा तलम सोप्रानो (स्त्रीचा सर्वांत उंच आवाज) आणि जोडीला पुरुषी ग्राउल (घशातून काढलेली गुरगुर), ही या बँडची ओळख. 1998च्या ‘एजिस’ या अल्बममध्ये ग्राउल मागे पडले. 2000च्या ‘म्युझिक’मध्ये गॉथिक मेटलची (उदास, गंभीर बाजाच्या मेटलची) जागा सिंथेसायझर आणि यंत्रासारख्या ठेक्याने घेतली. गायिका तीच होती. 2003मध्ये ती बँडबाहेर पडली, पुढे नेल सिग्लान्ड आली आणि 2006च्या ‘स्टॉर्म’मध्ये बँड पुन्हा गॉथिक मेटलकडे वळला. म्हणजे जुन्या गायिकेबरोबर नवा बाज आणि नव्या गायिकेबरोबर जुना! नेदरलंड्सच्या द गॅदरिंगमध्ये 1995च्या ‘मँडिलियन’पासून 2006च्या ‘होम’पर्यंत आनेके फान गियर्सबर्गेनच गायली, तेवढ्यात बँड मेटल मागे टाकून, 1998च्या दुहेरी अल्बमपासून, धूसर आणि संथ रॉकमध्ये जाऊन पोहोचला. स्वीडनच्या आर्च एनिमीत नेमके उलटे घडले. 2000मध्ये गायक योहान लीवाच्या जागी अँजेला गॉसो आली, तरी बँडची मेलोडिक डेथ मेटल ही शैली जागची हलली नाही. गिटार मायकेल अमॉटच्याच हातात होती ना.

बाज बदलतो तो आधी पट्टीत, म्हणजे सुरांच्या उंचीत. सोप्रानोची धाव साधारण 262 ते 1047 हर्ट्झ (सेकंदाला इतकी कंपने). सूर 700 हर्ट्झच्या आसपास किंवा वर गेला की ‘आ’, ‘ए’, ‘ओ’ एकमेकांत मिसळू लागतात. हे स्वर वेगळे ऐकू येतात ते मुखपोकळीच्या अनुनादामुळे, आणि इतक्या उंचीवर मूळ सूरच बहुतेक स्वरांच्या पहिल्या अनुनादाच्या पुढे निघून गेलेला असतो. तिथे शब्द कळत नाहीत तो गायिकेच्या उच्चारांचा दोष नव्हे. बँडला शब्द ठळक हवे असले की चाल खाली आणली जाते, साधारण 220 ते 590 हर्ट्झमध्ये, जिथे छातीचा आवाज वापरता येतो. श्रोत्याला हे ‘पॉप’ वाटते. प्रत्यक्षात बदललेली असते ती चाल, आणि ती बहुधा संगीतकाराने बांधलेली असते.

आता पंचाईत अशी की डिस्टॉर्शनवरच्या (आवाज मुद्दाम खरखरीत केलेल्या) गिटारींचा आणि कीबोर्डच्या लांब सुरांचा गच्च भरणाही त्याच पट्ट्यात असतो. उंच सोप्रानो त्यावरून तरंगत जायची. खाली आलेला आवाज मात्र त्यात बुडतो. मग गिटार आणखी खाली उतरवतात. नेहमीच्या ई ट्यूनिंगमध्ये जाड तार 82.4 हर्ट्झवर असते, ड्रॉप सी या उतरवलेल्या ट्यूनिंगमध्ये 65.4 हर्ट्झवर. तारेचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे तार तीच ठेवली तर या तारेचा सुमारे 37 टक्के ताण जातो. 46ची (इंचाच्या 46 हजारांश जाडीची) तार काढून 56 ते 58ची लावावी लागते. जाड तारेसाठी नटची (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीची) खाच रुंद करणे, ट्रस रॉड (मानेतली लोखंडी कांब) पुन्हा जुळवणे, ब्रिजवर (तारांच्या खालच्या टोकाच्या आधारावर) इंटोनेशन लावणे, म्हणजे सगळ्या मानेवर सूर अचूक येतील असे करणे, ही कामे ओघाने आलीच. ती टाळली की ढिली तार जोरात छेडताच क्षणभर सूर वर चढतो आणि मग खाली स्थिरावतो. गायिका अचूक सुरात असली तरी त्या क्षणी तीच उतरल्यासारखी वाटते. ‘लाइव्हमध्ये बेसूर’ असे छापण्याआधी नुसत्या गिटारींकडे एकदा कान द्यावा.

मिक्सिंगमध्येही हिशेब नव्याने मांडावा लागतो. दोन गिटारी डाव्या-उजव्या टोकाला ढकलून मधली जागा आवाजाला सोडायची, गिटारींचा 2 ते 4 किलोहर्ट्झचा भाग दोन-तीन डेसिबलने उतरवायचा, तोही शक्यतो आवाज सुरू असेल तेवढाच वेळ. कायमचा उतरवला तर गिटारींची धार जाते, आणि ‘बँड मवाळ झाला’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा इथे असते. रिव्हर्बचे (आवाजाच्या कृत्रिम घुमणुकीचे) ही तसेच. मिनिटाला 90 मात्रांच्या लयीत चार मात्रांचे आवर्तन 2.67 सेकंदांचे, म्हणून अडीच सेकंदांची घुमणूक त्यात जेमतेम मावते. 180च्या लयीत तेच आवर्तन 1.33 सेकंदांचे. तिथे तीच सेटिंग ठेवली की एका ओळीची शेपटी पुढच्या ओळीवर लोळते.

खरी कसोटी मंचावर. फिनलंडच्या नाइटविशची गाणी मुख्यतः कीबोर्डवादक तुओमास होलोपाइनेनची. तार्या तुरुनेनला 2005च्या ऑक्टोबरमध्ये बँडबाहेर काढण्यात आले. तिच्या गळ्यासाठी बांधलेली गाणी 2007पासून अॅनेट ऑल्झॉनला आणि 2012च्या दौऱ्यात मध्येच आलेल्या फ्लोर यान्सनला गावी लागली. अशा वेळी ‘पट्टी एक-दोन सुरांनी उतरवा की’ हा सल्ला ऐकायला सोपा आहे. कीबोर्डचे काम एका बटनावर होते. पण मोकळ्या तारेवर बसवलेली गिटारची रिफ (पुन्हापुन्हा येणारी सुरावट) नुसती बोटे सरकवून खाली जात नाही. वेगळ्या ट्यूनिंगची दुसरी गिटार शेजारी तयार हवी. बासही उतरवावा लागतो. सर्वांत अडते ते आधी ध्वनिमुद्रित केलेल्या वाद्यवृंदाशी आणि कोरसशी. सॉफ्टवेअरने सूर खाली ओढला तर तालवाद्यांचे आघात बोथट होतात आणि कोरसचे गळे बदलल्यासारखे भासतात. मिडीवरून (संगणकाला दिलेल्या सूर-सूचनांवरून) बनवलेले भाग नव्या पट्टीत पुन्हा काढता येतात. माणसांनी गायलेला कोरस मात्र पुन्हाच गाऊन घ्यावा लागतो. म्हणून अनेकदा पट्टी तीच ठेवून गायिकेला चाल वळवायला लावतात, आणि टीका तिच्या वाट्याला येते.

ग्राउल आणि स्वच्छ गायन एकीच करत असेल तर ध्वनियोजकाने दोन्हींसाठी मिक्सरवर वेगळ्या चॅनेल ठेवाव्यात, कारण एका कॉम्प्रेसरची (आवाजातले चढउतार आवरणाऱ्या यंत्राची) सेटिंग दोन्हींना पुरत नाही. माइकची जाळी मुठीत धरली की फीडबॅक (स्पीकरची शिट्टी) वाढतो, हे गायक-गायिका दोघांनाही लागू.

आपल्या परीक्षकांना विनंती एवढीच. बाज बदलला असे लिहिताना जुना आणि नवा अल्बम लागोपाठ ऐकून ट्यूनिंग, लय आणि चालीची उंची यांतले काय हलले ते एका ओळीत सांगावे, आणि अल्बमच्या पुस्तिकेत ‘संगीत’ या शब्दापुढे कुणाचे नाव छापले आहे तेही पाहावे.

आपला,
एक वाचक