हजार फूट खाली जाण्याआधी खडक पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा लागला की मराठवाड्यात बोअरच्या गाड्या फिरू लागतात. दोनशे फूट कोरडे गेले की चारशे, मग आठशे, हजार. खाली कुठेतरी मोठा साठा आहे आणि तिथवर पोचलो की प्रश्न मिटेल, अशी त्यामागची समजूत असते. आपल्या जमिनीखाली तसा साठा नाही, हे स्वच्छ सांगायला हवे.

देगलूर-बिलोलीकडचा ग्रॅनाइट आणि किनवटचा काही भाग सोडला, तर मराठवाडा जवळपास सगळा बेसॉल्टवर वसला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेल्या लाव्हाचे हे थर एकावर एक बसले आहेत. थराच्या वरच्या भागात पोकळ्या असलेला मांजऱ्या खडक, त्याखाली घट्ट काळा पाषाण आणि दोन थरांच्या मध्ये अनेक ठिकाणी लाल गेरूचा पट्टा सापडतो. पाणी राहते ते वरच्या मुरमात, मांजऱ्याच्या एकमेकींना जोडलेल्या पोकळ्यांत आणि पाषाणाच्या भेगांत. पोकळ्या झिओलाइट या खनिजाने भरल्या असतील तर मांजऱ्याही पाणी देत नाही. खोल जावे तशा भेगा मिटत जातात, म्हणून भरवशाचे पाणी बहुतेक ठिकाणी पहिल्या दोनशे फुटांतच मिळते. महाराष्ट्र भूजल अधिनियम, 2009 ने 60 मीटरखालील (सुमारे दोनशे फुटांखालील) विहिरींवर आणलेले निर्बंध या खडकाशी जुळणारेच आहेत.

क्वचित सहाशे फुटांवर पाणी लागते आणि गावभर बातमी होते. पण ते बऱ्याचदा एखाद्या भेगेत वर्षानुवर्षे साचलेले असते. त्याला वरून फारशी भर मिळत नाही, त्यामुळे एक-दोन हंगामांत बोअर आटते. दुसरे नुकसान शेजाऱ्याचे. खोल छिद्र गेरूचा थर भेदते, वरचे पाणी त्यातून खाली उतरते आणि आसपासच्या पन्नास फुटी विहिरी कोरड्या पडतात.

या खडकाचा हिशेब समजून घ्यावा. एका हेक्टरवर 1 मिमी पाऊस म्हणजे 10 हजार लिटर. वर्षाला 650 मिमी पाऊस धरला आणि त्यातला दहा टक्के मुरला, तर हेक्टरी साडेसहा लाख लिटर पाणी खाली जाते. झिजलेल्या बेसॉल्टमधून उपसता येईल असे पाणी त्याच्या आकारमानाच्या जेमतेम दोन टक्के. म्हणून चांगल्या पावसात विहिरीची पातळी तीन-सव्वातीन मीटर चढते आणि जोराचा उपसा झाला की फेब्रुवारीपर्यंत तेवढीच उतरते. एका हेक्टर उसाला साधारण 2000 मिमी पाणी लागते. पाऊस वजा केला तरी उरलेली गरज वीस हेक्टरांत मुरलेल्या पाण्याएवढी होते! बालाघाटच्या माथ्यावरची गावे आधी कोरडी पडतात, कारण तिथले पाणी उत्तरेला सिंदफणा-गोदावरीकडे आणि दक्षिणेला मांजरा-सीनेकडे निघून जाते. माथ्याला वरून येणारे पाणीच नाही.

बोअर घेतानाच ‘दोन इंच लागले’ म्हणून खूश होऊ नये. कॉम्प्रेसरच्या जोराने बाहेर फेकलेले ते पाणी भेगेतला साठा असतो, टिकणारी आवक नव्हे. मोटार सलग काही तास चालवावी, पातळी किती उतरते ते मोजावे, बंद केल्यावर मूळ पातळी यायला किती वेळ लागतो ते पाहावे आणि हेच मे महिन्यात पुन्हा करावे.

पुनर्भरणात, म्हणजे पावसाचे पाणी बोअरमधून जमिनीत मुरवतानाही घाई नडते. आधी बोअरमध्ये टँकरचे चार-पाच हजार लिटर स्वच्छ पाणी सोडून पाहावे. पातळी झपाट्याने उतरली तरच त्या बोअरवर खर्च करावा. घट्ट पाषाणातले कोरडे बोअर पाणी घेतच नाही. पाणी घेत असेल तर केसिंगभोवती (बोअरच्या वरच्या भागात बसवलेल्या पाइपाभोवती) सुमारे दोन मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्यावा. खड्ड्याच्या तळाशी येणाऱ्या केसिंगच्या भागाला बारीक छिद्रे पाडून वर नायलॉनची जाळी घट्ट गुंडाळावी. खड्ड्यात खाली मोठे दगड, त्यावर खडी आणि सर्वांत वर वाळू भरावी. ओढ्याचे पाणी थेट न घेता आधी गाळ बसण्यासाठी वेगळा खड्डा करावा, नाहीतर पहिल्याच पुरात जाळी चोंदते. सांडपाणी किंवा खत-फवारणीच्या शेतातले पाणी तर अजिबात सोडू नये. भूजल एकदा नासले की लवकर सुधारत नाही.

नाला खोलीकरणही कठीण खडक लागताच थांबवावे. काठाचा पाणीधारक मुरूम खोलवर कापला तर लगतच्या विहिरींचे पाणी उलट नाल्यात पाझरते.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींच्या पातळ्या वर्षातून चार वेळा मोजते. आपण जायकवाडी आणि मांजरा धरणांचे साठे छापता, त्यासोबत प्रत्येक तालुक्याची ही पातळीही छापावी. ऑक्टोबरचा आकडा रब्बीच्या पेरणीआधी हाती आला, तर गहू घ्यायचा की हरभरा, हे शेतकऱ्याला ठरवता येईल.

आपला,
भूजलाचा एक अभ्यासक, अंबाजोगाई